हललेला फोटो

२ जानेवारी २००५, रविवार

आले एकदाची भिवंडीला! पडघ्याहून जीपमध्ये मांडीवर तांदळाच्या पिठाची पिशवी, पायाशी वालाच्या शेंगा, आणि शेजारची बाई सारखी पेंगून माझ्या खांद्यावर. बायपासला ट्रकांची ही मोठी रांग. पण दारात देवूनं मला बघून दोन्ही हात वर केले आणि सगळा शीण गेला. देवू म्हणजे माझा नातू देवेश. दीड वर्षाचा आहे. चार दात वर, चार खाली, आणि दाढ येतेय म्हणून बोट तोंडातून निघत नाही. एक मिनिट पाय ठरत नाही त्याचा. आल्या आल्या माझ्या शेंगा जिन्यात उधळल्या.

ही डायरी धनेशला, म्हणजे माझ्या मुलाला, राहनाळच्या गोडाऊनातून मिळाली. तिथं तो सुपरवायझर आहे. पुठ्ठ्यावर ट्रकचं चित्र आहे. सून दिपाली म्हणाली, आई, देवू रोज काय करतो ते तुम्ही लिहा, मला कामातून होत नाही. मी म्हटलं बाई, मी चौथी पास. पाचवीला म्हस आडवी आली. म्हणजे खरंच आली, आमची म्हस व्याली आणि बाबानं शाळा सोडवली. पण अक्षर अजून आहे हातात. लिहिते.

आमचे हे आले नाहीत. चांगदेव नाव. तोंडानं घेत नाही, लिहायला काय होतंय! दोन म्हशी आहेत, त्यांना सोडून कुठं जायचं म्हणतात. निघताना म्हणाले, जा, मी आता रोज मटण खातो. मी म्हटलं जा काय म्हणता, ये म्हणा. म्हणाले, ये म्हटलं तर खरंच येशील लवकर. असला माणूस.

घर कामतघरला दुसऱ्या मजल्यावर. खाली लूम आहेत, कापड विणायचे माग. सकाळपासून खडाक् खडाक्. पहिल्यांदा वाटलं जमीनच हलतेय. धनेश म्हणाला, शुक्रवारी बंद असतात, तेव्हा उलट चुकल्यासारखं वाटतं.

५ जानेवारी, बुधवार

दिपालीचं काम सांगते. ती लहान पोरांचे फोटो काढते, घरीच. पुढच्या खोलीत पडदा लावलाय, त्यावर निळं तळं आणि दोन हंस रंगवलेत. समोर स्टूल. आया पोरांना घेऊन येतात, त्यांना कृष्ण करायचं, नवरी करायचं, फौजी करायचं, आणि फोटो. काजळ आणि तीट माझ्याकडे. काय मजा येते म्हणून सांगू! आज अनय नावाचा फौजी आला होता, दोन वर्षांचा. बंदूक हातात दिल्याबरोबर भोकाड. मिशी काढली होती, ती रडून हनुवटीपर्यंत आली. त्याची आई म्हणाली, हा कसला फौजी, हा तर शरण आलाय.

खोलीत उजेड कमी आहे. पोर जरा हललं की फोटोत त्याचं तोंड पुसल्यासारखं येतं. मग दिपाली म्हणते, हलला, परत घेऊ. दिवसभर आमच्या घरात एकच, हलला, हलला. कॅमेरा डिजिटलचा आहे, फोटो पाठीमागे लगेच दिसतो.

पडदा आणि कपड्यांची पत्र्याची पेटी धोंडूबाई नावाच्या एका म्हातारीनं दिली. तिचे मालक केसरीनाथ फोटोवाले, बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. ते वारले. म्हातारी म्हणाली, घेऊन जा बाय, मना ते घरात नको.

दिपालीची एक सवय मला आवडत नाही. बाजाराला निघाली की म्हणते, आई, जाते. अगं, येते म्हणावं. पाहुण्यालासुद्धा आपण जा म्हणत नाही, या म्हणतो. ती हसते. म्हणते, आई, तुम्ही तर रिकाम्या सिलेंडरलापण ये म्हणता. म्हणते बाई. येऊ दे की लवकर भरून.

९ जानेवारी, रविवार

आज पेटी उपसली. वरती कृष्णाचे पितांबर, कोळीणीचं लुगडं, मोरपिसं, एक फाटकी वाघाची शेपटी. देवूनं शेपटी गळ्यात घालून घरभर धिंगाणा घातला. तळाशी मलमलच्या फडक्यात वेगळं बांधून ठेवलेलं एक झबलं मिळालं. काळं मखमली, सोनेरी काठ. कापराचा वास होता त्याला. आणि शिवण काय हुशार! पाठ पूर्ण उघडी, बाह्यासुद्धा खांद्यापासून मनगटापर्यंत उघड्या, आणि सगळीकडे बंद. मोजले, अकरा. म्हणजे पोराचा हातसुद्धा वाकवायला नको. समोरून ठेवायचं आणि मागून बांधायचं. मी दिपालीला म्हटलं, ज्यानं शिवलं त्याला पोरांची फार माया असणार. रडणाऱ्या पोराच्या बाहीत हात घालायचा म्हणजे काय असतं ते आपल्याला विचारा.

संक्रांतीला काळं लागतंच. झबलं धुऊन वाळत घातलं.

१४ जानेवारी, शुक्रवार, संक्रांत

खालच्या मजल्यावरच्या सुचेताबाईंच्या नातीचं, नीरजाचं, आज बोरन्हाण. सुचेताबाई शाळेत बाई होत्या, बोलतात एकदम शुद्ध. आमच्यात ही रीत नव्हती, पण छान आहे. पोराला काळे कपडे, हलव्याचे दागिने, मुकुट, बासरी, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओतायच्या. मग बाकीची पोरं लुटतात. फोटोसाठी सगळं आमच्याकडेच केलं.

नीरजा म्हणजे वारं. जिन्यात तिला तीन बायांनी धरली होती. ते काळं झबलं मी तिला घातलं, अकरा बंद बांधले आणि काय सांगू, पोर बसलं! हात मांडीवर, डोळे समोर. बोरं डोक्यावरून पडली तरी पापणी हलली नाही. बाकीची पोरं खाली लुटालूट करतायत आणि ही बाहुलीसारखी. एक फोटो हलला नाही. सुचेताबाई म्हणाल्या, कमळताई, तुमच्या हाताला गुण आहे. मी फुगले.

लूम बंद, लाइट गेलेली, दुपार अगदी गप्प होती. सगळे गेल्यावर झबलं झटकून घडी केली. बंद न् बंद सरळ केला. इतकं गुणी कापड, त्याच्यावरून हात फिरवला आणि आपलं सवयीनं म्हटलं, दमलास रे बाळा, ये हो परत. ये.

दिपालीला हसू आलं. म्हणाली, झबल्यालापण!

१८ जानेवारी, मंगळवार

नीरजाचे फोटो धुऊन आले. केस न् केस दिसतोय. आता सगळ्यांना तेच झबलं हवंय. तीन दिवसांत पाच पोरं झाली. पाचही तशीच बसली.

त्या पाचांतल्या एका फोटोत पडद्याच्या कडेला धुरकट डाग आहे. तळ्यातल्या हंसाच्या बाजूला, हातभर उंचीचा. दिपालीनं कॅमेऱ्याची काच पुसली. देवूची बोटं सगळीकडे असतात, त्याचंच काम.

देवूची दाढ वर आली. आज मला 'आदी' म्हणाला. आजी म्हणायचंय त्याला. दहा वेळा म्हणायला लावलं.

२१ जानेवारी, शुक्रवार

आज आमच्या देवूचं बोरन्हाण. ह्यांना फोन केला. म्हणाले, पोराला बोरांनी कशाला मारता, खायला द्या. मग हळूच म्हणाले, फोटो पाठव मना.

झबलं घालायला लागले तसा देवू रडला. माझ्या गळ्याला घट्ट धरून बसला, सोडेना. असा तो रडत नाही कधी. मी गोळी दाखवली, वाघाची शेपटी दाखवली, मग जरा सैल झाला. अकरावा बंद बांधला आणि रडणं थांबलं. एकदम. जसा नळ बंद करावा.

बसला. फोटो सुंदर आले. बोरांतलं एकपण बोर त्यानं उचललं नाही, आणि त्याला तर बोरं म्हणजे जीव.

डाग आजपण आहे. हंसाच्या अलीकडे सरकलाय. काच दोनदा पुसली होती.

२२ जानेवारी, शनिवार

देवू गप्प आहे. झबलं कालच काढलं. बाकीची पोरं काढल्याबरोबर पळायला लागली होती. दाढेमुळे असेल.

२५ जानेवारी, मंगळवार

सगळ्या आया म्हणतात, कमळताई, किती शहाणा झाला हो तुमचा देवेश. जिथं ठेवू तिथं राहतो. भात भरवला तर खातो, नाही भरवला तर मागत नाही. आधी मलापण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस माझी कंबर सुखात होती. पण आज त्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि मुद्दाम आत गेले. परत आले तर तांब्या भरलेला. देवूसमोर भरलेला तांब्या! मला रडू आलं.

डॉक्टरकडे नेला. ताप नाही, छाती साफ. म्हणाले आजी, पोर शांत आहे तर तुम्हाला त्रास होतोय होय?

पाय मात्र गार असतात. उन्हात बसवला तरी गार.

२८ जानेवारी, शुक्रवार

लूम बंद. आज ऐकलं म्हणूनच लिहिते.

दुपारी देवू माझ्या मांडीवर होता. दिपाली गच्चीत कपडे वाळत घालायला गेली होती. पुढच्या खोलीत पावलं वाजली. लहान पोर अनवाणी पळतं तशी, थप थप थप, मग थांबून परत. मला वाटलं नीरजा आली वर. हाक मारली. दार आतून लावलेलं होतं.

मी देवूला विचारलं, कोण रे तिथं? त्यानं मान वळवली नाही. नुसते डोळे फिरवले. पावलं गेली तिकडे तिकडे.

रोज वाजत असतील. लूमच्या आवाजात कोण ऐकतंय.

३१ जानेवारी, सोमवार

दिपालीला सांगितलं. ती म्हणाली, आई, तुम्ही दमलात. मग म्हणाली, बरं, थांबा, तुमच्या समाधानासाठी. आणि रिकाम्या स्टुलाचा फोटो काढला.

स्टुलावर काहीच नाही. पण स्टुलाच्या मागून कुणी वाकून बघावं तसं— पुसलेलं. धुरकट. डोकं आणि खांदा कळतो. तोंडाच्या जागी नुसतं हललेलं.

दिपाली कॅमेरा बंद करून कणीक मळायला बसली. मीठ दोनदा घातलं.

१ फेब्रुवारी, मंगळवार

धनेशला फोटो दाखवला. आधी हसला. कॅमेरा बिघडला म्हणाला, राहनाळला एक जण आहे, दाखवतो. मग त्यानं देवूला खांद्यावर घेऊन घोडा घोडा केलं. देवू पोत्यासारखा. धनेशनं त्याला हळूच खाली ठेवलं आणि जेवला नाही.

आता झबलं कुणालाच घालत नाही. फडक्यात बांधून पेटीत टाकलं, पेटीवर गादी, गादीवर माझी पिशवी. आलेल्या आयांना सांगतो, कॅमेरा दुरुस्तीला आहे.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सकाळी देवू पडद्यासमोर स्टुलावर बसलेला. स्टूल त्याच्या छातीएवढं उंच आहे. त्याला चढता येत नाही.

अंगात झबलं. पाठीमागे अकरा बंद. दिपाली म्हणते आई, तुम्ही बांधले का. मी म्हणते तू बांधलेस का. दोघी आत धावलो. आतल्या खोलीत पेटीवर गादी तशीच होती. गादीवर माझी पिशवी.

सोडताना एक गाठ सुटेना. दातांनी सोडवली. कापराचा वास तोंडात राहिलाय.

देवूनं आजपण आदी म्हटलं नाही. मी शंभर वेळा म्हटलं त्याच्यापुढे, आदी म्हण रे, आदी. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि पडद्यामागून कुणीतरी म्हटलं.

७ फेब्रुवारी, सोमवार

झबलं जाळलं. गच्चीत. धनेशनं रॉकेल ओतलं. मखमल जळताना वळवळली.

देवू तसाच. फोटो काढून बघितला— नको होता काढायला. देवू अगदी साफ, एक एक पापणी दिसते. आणि ते आता त्याला चिकटून आहे. त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून.

दिपाली म्हणते ज्यांची पेटी त्यांना विचारा.

८ फेब्रुवारी, मंगळवार

धोंडूबाईकडे जाऊन आले. सगळं लिहून ठेवते, नाहीतर माझ्या डोक्यात राहणार नाही.

म्हातारी ओट्यावर बसून भाजी निवडत होती. झबल्याचं नाव काढलं आणि तिच्या हातातली जुडी खाली पडली. म्हणाली, ते मी खाली बांधून ठेवलेलं, वर गाठ मारलेली, तू कनाला सोडलीस?

मग सांगायला लागली. पूर्वी गरिबाघरी पोराचा फोटो कोण काढतो? पोर गेलं की मग आठवण. मग तसंच उचलून केसरीनाथांकडे आणायचे. एकच फोटो, घरात लावायला. ते त्याला कृष्णासारखं नटवायचे, आईबापाला बघवेल असं. पण गेलेल्या पोराचे हात वाकत नाहीत. म्हणून ते झबलं. म्हणून उघड्या बाह्या आणि अकरा बंद. धोंडूबाईनंच शिवलेलं. ती म्हणाली, माया होती म्हणून शिवलं.

मी बोलले होते ना, माया असणार.

पोराला परत द्यायच्या आधी झबलं काढताना केसरीनाथ वाकून त्याच्या कानात म्हणायचे, जा. आपण कुणाला जा म्हणत नाही, पण गेलेल्यांना म्हणावं लागतं, नाहीतर ती दारातच घुटमळतात.

मग एकदा पावसात एक जोडपं दीड वर्षाचा मुलगा घेऊन आलं. तापानं गेलेला. फोटो काढला, झबलं काढलं, जा म्हटलं, आईबाप घेऊन गेले. लहान पोरं जाळत नाहीत, त्याच दुपारी खाडीकडे नेऊन पुरलं. दुसऱ्या दिवशी केसरीनाथांनी फोटो धुतला.

धोंडूबाई म्हणाली, हलला.

मी म्हटलं फोटो हलला तर काय झालं, आमचे रोज हलतात. ती म्हणाली बाय, त्या झबल्यातला एक फोटो कधी हलला न्हाय. हलणार कसा? तो हलला. तोंड पुसलं गेलेलं. मान वळवली पोरानं. त्याच्या आयशीकडे.

जिवंत होता. आणि त्याला जा म्हटलेलं.

केसरीनाथांनी कुणाला सांगितलं नाही. आईबापाला म्हणाले फोटो खराब झाला. दुकान बंद केलं. मरेपर्यंत कुणाला जा म्हणाले नाहीत, भिकाऱ्यालापण नाही.

मी तिला सांगितलं, मी घडी करताना काय बोलले ते. ये बोलले. दोनदा.

धोंडूबाईनं डोक्यावर पदर घेतला. म्हणाली, वीस वर्षं तो कुणीतरी ये म्हणायची वाट बघतोय. आला बिचारा. आता जा म्हण, दुसरं काय.

९ फेब्रुवारी, बुधवार

नाही म्हणवत.

पडद्यापुढे तीनदा उभी राहिले. ज पर्यंत येतं तोंडात. मग वाटतं, ह्याला एकदा म्हटलेलंच आहे की. जीव असताना. कुणाची आजी नव्हती का ह्याची?

आणि दुसरं. समोर दोघं आहेत. एक दिसतो, एक नाही. मी जा म्हटलं आणि माझ्याच देवूनं ऐकलं तर? तो गप्प बसलाय. हातपाय गार. आधीच अर्धा— नाही लिहीत ते.

१० फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. देवूला गावाला नेते. उद्या सकाळच्या जीपनं. घर सोडलं, पडदा सोडला की सुटेल. धनेश आणि दिपाली रविवारी येतील. ह्यांना फोन केला. म्हणाले आण, म्हशीचं दूध पाजून पळवतो त्याला.

देवूनं आज काही खाल्लं नाही. डोळे उघडे. मी त्याच्या कानाशी म्हटलं, आपण उद्या जाऊ हां राजा, आजीबरोबर, गावाला. पडद्याजवळ पावलं एकदम नाचली. थप थप थप.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

जीपमध्ये लिहिते. अक्षर वाकडं येतंय.

देवू बरा झाला! दिपाली आत पिशवी भरत होती, मी दारात चपला घालत होते, आणि मागून पळत आला. पळत! माझ्या मांडीला मिठी. उचलला तर हा वळवळतोय, पाय मारतोय, केस ओढतोय. मी देवाचं नाव घेतलं आणि थांबलेच नाही. पिशवी राहू दे गं, रविवारी आण, असं ओरडले आणि जिना उतरले. ती आतून काहीतरी म्हणाली. मागे वळायचं नव्हतं मला.

खाली लूमवाला भय्या बसला होता. अम्मा, इतनी सुबह? और मुन्ना? मी म्हटलं ये क्या, पदर के अंदर, हवा लगती है. तो हसला नाही.

मांडीवर आहे. क्षणभर गप्प नाही. हेच तर पाहिजे होतं मला. हलू दे. जितका हलायचा तितका हल रे सोन्या.

शेजारची बाई माझ्या मांडीवर टोपली टेकवत होती. मी म्हटलं बाई, पोर आहे इथं. ती सरकून बसली. पार टोकाला.

दुपार

घरी आले. ओट्यावर बसलेय. हे गोठ्यातून आले आणि म्हणाले, एकटीच आयलीस? पोर कुठं हाय? ह्यांची थट्टा कधी संपणार! मी म्हटलं, डोळे फुटले का. ते तसेच उभे राहिले. दुधाची वाटी हातात.

मग ह्यांचा मोबाईल वाजला. दिपाली. आईंना द्या म्हणाली. रडत होती आणि हसत होती. आई, तुम्ही अशा देवूला न घेताच कशा निघालात, मी पिशवी घेऊन बाहेर आले तर तुम्ही नाही. आणि आई, ऐका, देवू उठला. तुम्ही गेलात आणि लगेच उठला. पडदा ओढून पाडला, तांब्या सांडला, खायला मागतोय. ऐका ऐका. आणि मागून— माझ्याच देवूचा आवाज. भोकाड. आदी, आदी.

देवाशपथ, आनंद झाला आधी. सुटलं माझं लेकरू. सुटला.

मग मांडीवर—

हे बाहेर गेलेत. बोलावतो म्हणाले शेजारच्यांना. मी लिहितेय म्हणजे हात थांबणार नाहीत.

सकाळपासून तोंड नीट बघितलं नाही मी ह्याचं. सारखा हलत होता. आता पदर बाजूला केला. जवळून बघितलं तरी— पुसलेलं. नाक कळत नाही. डोळ्यांच्या जागी—

ऊन आहे अंगणात. म्हस रवंथ करतेय. मी ओरडत का नाही?

जड आहे. गार नाही, ऊबदार आहे. गालाला माती लागलीय, ओली. माती पुसली मी. सवयीनं. त्यानं माझ्या तळहातात तोंड घातलं.

आता म्हणायचं. एवढंच म्हणायचं. देवू सुटलाय, आता भीती नाही, आता फक्त हाच ऐकेल.

तोंड उघडलं तर हा थांबला. हलायचा थांबला. माझ्या ओठांकडे बघतोय. आणि तोंड साफ दिसायला लागलं— केवढंसं आहे— खालचा दात— अरे, हा तर रड—

लिहायचा हात धरलाय. त्याच्या छोट्या मुठीत माझं बोट, घट्ट, मला आता जा म्हणवत नाही, मला